रुबोचे बाक : सुताराने स्वतः लिहिलेले सुतारकाम

१/ आज युरोप-अमेरिकेतील अनेक हौशी सुतार जे वर्कबेंच घडवतात, त्याचा आराखडा अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे. तो कागदावर उतरवणाऱ्याच्याच नावाने ते ओळखले जाते : ‘रुबो’.

२/ आंद्रे-जाकोब रुबो (१७३९–१७९१) हा पॅरिसमधील सुताराचा मुलगा आणि स्वतःही सुतार. तेथील विज्ञान अकादमी तेव्हा हस्तव्यवसायांवर ग्रंथमाला काढत होती. त्यातील अनेक ग्रंथ विद्वानांनी कारागिरांकडून माहिती घेऊन लिहिले. १७६९पासून प्रसिद्ध झालेला सुतारकामाचा ग्रंथ मात्र रंधा चालवणाऱ्याने लिहिला. चित्रेही त्यानेच रेखाटली.

३/ या बाकाचा माथा म्हणजे एल्म किंवा बीचची ५-६ इंच जाड, ६ ते १२ फूट लांब फळी. ओकच्या पायांची कुसवे थेट तिच्यात बसतात. पायांची पुढची बाजू फळीच्या कडेशी समपातळीत येते. त्यामुळे लांब फळी बाकाला उभी टेकवून तिच्या कडेवर रंधा मारता येतो. माथ्याच्या भोकात ठोकलेला लोखंडी आकडा लाकूड दाबून धरतो.

४/ १७९१मध्ये रुबो वारला. त्याच वर्षी फ्रान्समधील कारागीर संघ कायद्याने बरखास्त झाले. पुढे यंत्रे आली आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे विद्या पोचवणारी साखळी क्षीण झाली.

५/ कारागिराचे ज्ञान हातात असते आणि बहुधा हाताबरोबरच संपते. रुबोने ते कागदावर उतरवले, म्हणून उस्तादाविनाही हे बाक पुन्हा उभे राहते. कोणत्याही व्यवसायाचा इतिहास वाचताना म्हणूनच विचारावे : हे काम पाहणाऱ्याने लिहिले, की करणाऱ्याने?