तीन गोन्साल्विस आणि एक बिननावाचा बँड

वैशाख लागला की दिग्रस तालुक्याच्या रस्त्यांवर दोन गोष्टी उदंड असतात : ऊन आणि वरात. दुपारचे काहिली करणारे ऊन उतरू लागले, की गावागावांतून बँडचे सूर कानी येऊ लागतात. क्लॅरिनेटवाला गालफडे फुगवून एखाद्या जुन्या गाण्याची चाल धरतो, ट्रम्पेट तिला उत्तर देतो, ताशा आणि मोठा ढोल ती चाल अंगावर घेतात. वऱ्हाडी नाचतात, नोटा ओवाळल्या जातात, नवरदेव घोड्यावरून उतरतो आणि बँड गप्प होतो. त्या क्लॅरिनेटवाल्याचे नाव काय, हे सोयऱ्यांपैकी कोणी विचारीत नाही. बँडच्या गाडीवर मालकाचे नाव रंगविलेले असते, वाजविणाऱ्याचे नसते.

एखादा वादक लोकांच्या स्मरणात राहतो तो केव्हा? केवळ चांगले वाजविले म्हणून, की ऐकणारा थांबून ऐकू लागला म्हणून? या प्रश्नाचा माग काढीत आम्ही इतिहासात शिरलो, तेव्हा एकाच आडनावाचे तीन वादक आम्हांस भेटले. ते आडनाव आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे : गोन्साल्विस. पोर्तुगीज जेथे जेथे गेले तेथे तेथे बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर हे आडनावही गेले. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांवर, तसेच गोव्यात आणि वसईतही.

पहिले पॉल गोन्साल्विस. केप व्हर्देहून आलेल्या कुटुंबात अमेरिकेत जन्मलेले हे सॅक्सोफोनवादक ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात होते. पाश्चात्त्य देशांत उन्हाळा हा उघड्या मैदानावर जमण्याचा ऋतू. १९५४ साली ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी जाझ संगीताचा उन्हाळी महोत्सव सुरू झाला. ७ जुलै १९५६ च्या रात्री एलिंग्टन यांचा वाद्यवृंद तेथे उभा राहिला तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती आणि काही श्रोते घराकडे निघाले होते. एलिंग्टन यांचा काळ सरला, असे तेव्हा बोलले जात असे. त्यांनी १९३७ सालच्या आपल्या दोन रचना जोडून घेतल्या आणि मधला दुवा पॉल यांच्यावर सोपविला. पॉल यांनी सत्तावीस आवर्तने सलग वाजविली. निघालेले श्रोते परतले. लोक खुर्च्यांवर उभे राहिले, नाचू लागले. पुढल्याच महिन्यात एलिंग्टन यांचे चित्र 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या रात्री पॉल हे ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीच्या ध्वनिक्षेपकासमोर नव्हे, तर रेडिओच्या ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून वाजवीत होते. त्यामुळे गाजलेल्या तबकडीत त्यांचेच वादन दबलेले राहिले. रेडिओची ध्वनिफीत पुढे सापडली आणि १९९९ साली दोन्ही मुद्रणे जुळवून नवी आवृत्ती निघाली, तेव्हा ते स्पष्ट ऐकू आले. पॉल १९७४ मध्येच निवर्तले होते.

अशा महोत्सवांचे खरे महत्त्व हेच, की श्रोता एकासाठी जातो आणि दुसऱ्यालाच मनात घेऊन परततो. ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉकच्या मेळाव्यात सांताना नावाचा बँड वाजला, तेव्हा त्यांची पहिली तबकडी बाजारात यायची होती. लाखोंच्या त्या समुदायातील बहुतेकांना हे नाव ठाऊक नव्हते. एका दुपारच्या वादनाने ते सर्वतोमुखी झाले. बँडचे प्रमुख कार्लोस सांताना यांचे वडील मेक्सिकोतील मारियाची व्हायोलिनवादक, म्हणजे लग्नासमारंभांत आणि संतांच्या सणांत वाजविणाऱ्यांच्या परंपरेतले. आपल्या भाषेत वाजंत्रीच म्हणा ना!

आमच्याकडे मात्र ऋतूंचा हिशेब उलटा आहे. कान देऊन ऐकण्याचे संगीत आम्ही थंडीसाठी राखून ठेवले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरत आला तो हिवाळ्यात. उन्हाळ्यात आमच्याकडे असते ती लग्नसराई, आणि लग्नातला बँड ऐकण्यासाठी नसतोच; तो नाचण्यासाठी, मिरविण्यासाठी असतो. वाद्ये तीच, घाम तोच, परंतु श्रोता नाही. आमचा उन्हाळी वादक बिननावाचा राहिला, याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. हा व्यवसाय करणाऱ्यांत दलित आणि मुसलमान कुटुंबे पुष्कळ. ज्याच्या तालावर आपण नाचतो त्याला पंगतीत शेवटी बसविण्याची रीत आपल्या समाजाने दीर्घकाळ पाळली.

ही वाद्ये आमच्या गावांत आली कोठून? एक वाट लष्करी छावण्यांची. इंग्रजांच्या पलटणींबरोबर बँड असत. विदर्भाच्या उशाशी १८२१ साली वसलेली कामठीची छावणी ही त्यांतलीच. पलटणींचा तो थाट पाहून संस्थानिकांनी आणि नंतर सावकार-व्यापाऱ्यांनी मिरवणुकीत सनई-चौघड्याच्या जोडीला पितळी वाद्ये आणली. बँडवाल्यांच्या अंगावरील झुपकेदार खांदपट्ट्यांचा गणवेश आजही त्या पलटणींची आठवण देतो.

दुसरी वाट गोव्यातील चर्चच्या अंगणातून आली. तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकविण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा होती. शिकविणाऱ्यास मेस्त म्हणत. हेतू एवढाच, की रविवारची मिस्सा आणि गावच्या संताचा सण सुरेल व्हावा. परंतु शेती तुटपुंजी आणि मुले हुशार; त्यामुळे ही विद्या पोटासाठी मुंबईस आली. मूकपटांच्या नाट्यगृहांत, हॉटेलांत, पोलिसांच्या बँडमध्ये आणि शेवटी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात हे गोवेकर वादक विखुरले.

आमचे दुसरे गोन्साल्विस याच वाटेने आले. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली साष्टीतील माजोर्डे गावी झाला. वडील तेथील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. तरुणपणीच ते मुंबईस येऊन चित्रपटांत व्हायोलिन वाजवू लागले. पुढे संगीतकार म्हणून गाजलेले प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकविले. हिंदुस्थानी राग पाश्चात्त्य वाद्यवृंदातून मांडावेत, हा त्यांचा ध्यास होता. १९५८ साली त्यांनी स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्याचे वादन झाले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. परंतु हा प्रयोग टिकला नाही. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात एका गाण्याच्या मुखड्यात त्यांचे संपूर्ण नाव आले. शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती. देशभर हे नाव दुमदुमले, दिग्रसच्या वरातीतही वाजले असेल. पण असा एक खराखुरा माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली गोव्यात त्यांचे निधन झाले.

तिसरे ब्राझ गोन्साल्विस, गोव्याचे सॅक्सोफोनवादक. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ साली मुंबईत 'जाझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. अमेरिकेचे सॉनी रॉलिन्स पहिल्याच वर्षी तेथे आले. हिंदुस्थानी रागांना सॅक्सोफोनवर उतरविणारे ब्राझ यांना याच यात्रेत मोठा श्रोतृसमुदाय लाभला. भारतातील जाझवादक हॉटेलातील जेवणाऱ्यांच्या पाठीमागे वाजवीत आले होते. आता त्यांच्यासमोर ऐकणारे बसले. तिघांपैकी ज्या दोघांना महोत्सवाचे मैदान मिळाले त्यांचे वादन लोकांनी ऐकले. ज्याला ते टिकवून धरता आले नाही त्याचे केवळ नाव लोकांनी गाइले.

आता या दोन्ही वाटा दिग्रसच्या बँडपर्यंत कशा पोचतात ते पाहू. पुणतांब्यात जन्मलेले आणि नागपुरात संगीत शिकलेले सी. रामचंद्र १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटाला संगीत देत होते. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, यांनी आपल्या साथीदारांसह त्यात वाजविले. त्या चाली रेडिओवरून आणि तबकड्यांवरून गावोगाव गेल्या आणि पलटणींच्या वाद्यांवर लग्नांत वाजू लागल्या. चर्चमध्ये घोटलेला स्वर वऱ्हाडातील वरातीत असा येऊन मिळाला. ज्याला आपण हलके म्हणून कानाआड करतो, त्या बँडच्या चालीत एखाद्या विस्मृत मेस्ताची शिकवण असू शकते.

आज या बँडवरही दिवस फिरले आहेत. विदर्भात धुमाल पार्टी आणि डीजेच्या भिंती आल्या. क्लॅरिनेट शिकण्यास वर्षे लागतात, कळ दाबण्यास क्षण पुरतो. पावसाळ्यात मजुरीस जाणाऱ्या वादकाने आपल्या मुलाला ही विद्या का द्यावी, या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही. निव्वळ हळहळ करून ते मिळणार नाही.

परंतु एक गोष्ट आपल्या हाती आहे. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला, आपल्या घरच्या लग्नाला बँड बोलावला, तर वरात पोचल्यावर वादकांना बसवावे, पाणी द्यावे आणि अर्धा तास मांडवात केवळ ऐकण्यासाठी वाजवावयास सांगावे. सुरुवातीस प्रत्येकाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारावे. जेवणाच्या पंगतीत त्यांना आपल्या शेजारी बसवावे. महोत्सव म्हणजे याहून फारसे वेगळे काही नसते. न्यूपोर्टलाही लोकांनी एवढेच केले होते : निघता निघता ते थांबले आणि त्यांनी ऐकले.