कातडीकामातील आकारस्थिरता

कमावलेल्या कातड्यावर नक्षीकाम, शिवण व रंगकाम चालू असताना त्याची लांबी-रुंदी ठरलेल्या मापात राखणे, यास कातडीकामातील आकारस्थिरता म्हणता येते. ओले कातडे सहज ताणले जाते आणि वाळताना आकसते. पिशवी, पट्टा, पाकीट किंवा चप्पल यांचे तुकडे एकमेकांशी जुळण्यासाठी हा बदल आवरावा लागतो. चपलेत तर डाव्या-उजव्या पायाचे माप सारखे राहणे आवश्यक असते. महाराष्ट्रात या कौशल्याचे परिचित उदाहरण म्हणजे कोल्हापुरी चप्पल.

कारणे

कातडे हे कोलॅजन या प्रथिनाच्या एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचे बनलेले असते. पाणी तंतूंमध्ये शिरले की ते फुगतात व एकमेकांवरून सरकू लागतात. अशा वेळी दिलेला ताण किंवा दाब वाळल्यानंतरही बराचसा टिकून राहतो. पाणी निघून गेल्यावर तंतू पुन्हा जवळ येतात व कातडे आकसते.

उष्णतेने होणारे आकसणे याहून वेगळे आहे. ओले कच्चे कातडे सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला, तर वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले ओले कातडे साधारण ७० ते ८५ अंशांना आकसून कडक होते. क्रोमने कमावलेले कातडे १०० अंशांच्या आसपासची उष्णताही सोसते. मात्र त्यावर ठशांची नक्षी नीट टिकत नाही. उष्णतेने आकसलेले कातडे पूर्ववत होत नाही. म्हणूनच ओला तुकडा चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवणे टाळतात.

निवड व कापणी

एकाच कातड्याचे सर्व भाग सारखे ताणले जात नाहीत. पाठीकडील तंतू घट्ट विणलेले असतात, तर पोट व पायांकडील भाग सैल असतो. पट्टे व वाद्या पाठीच्या कण्याला समांतर कापल्यास त्या कमी ताणल्या जातात. जोडीचे दोन्ही तुकडे शक्यतो कातड्याच्या सारख्या भागातून व एकाच दिशेने कापतात. ज्या पट्ट्यांवर सतत ओढ येते, ते ओले असतानाच ओढून, ताणलेल्या स्थितीत वाळवतात. त्यामुळे ते वापरात फारसे लांबत नाहीत.

नक्षीकाम

ठसे उमटवण्यासाठी कातडे ओलसर असावे लागते, चिंब नव्हे. दोन्ही बाजूंनी सारखे पाणी लावून ते काही तास, शक्यतो रात्रभर, गुंडाळून ठेवतात. मूळ रंग परत येऊ लागला, पण हाताला गारवा जाणवत असला, म्हणजे ते कामास योग्य झाले असे समजतात.

ठशाच्या घावाने कातडे दबते व बाजूंना पसरते. हे पसरणे रोखण्याचे मुख्य उपाय असे आहेत :

- मागील बाजूस जाड पुठ्ठा किंवा चिकटपट्टी लावून काम करणे व ती वाळल्यावरच काढणे.
- कडेने जादा कातडे सोडून आधी नक्षी उमटवणे, आणि अंतिम मापाची कापणी वाळल्यानंतर करणे.
- काम लांबल्यास पुन्हा संपूर्ण तुकडा ओलसर करणे. एकाच जागी पाणी लावल्यास डाग पडतो व तेवढाच भाग फुगतो.
- पूर्ण झालेला तुकडा सपाट ठेवून, हलके वजन देऊन सावलीत वाळवणे.

रंगकाम

पाण्यातील रंगामुळे कातडे पुन्हा ओले होते, तर स्पिरिटमधील रंग लवकर वाळतो, पण कातड्याची स्निग्धता कमी करून त्यास ताठर बनवतो. एकाच बाजूस भरपूर रंग दिल्यास तुकडा वाकतो. म्हणून रंगाचे पातळ हात देऊन प्रत्येक हात वाळू देतात. रंग वाळल्यावर थोडे तेल दिल्याने तंतू लवचीक राहतात. तेल अधिक झाल्यास कातडे सैल पडते. नक्षीकामाआधी दिल्यास पाणी सारखे मुरत नाही.

कोल्हापुरी चप्पल

या चपलेसाठी परंपरेने बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कातडे कमावले जाते. तळाचे जाड कातडे भिजवून मऊ करतात, रापीने कापतात व ठोकून घट्ट करतात. तळ, कान, पट्टा व अंगठा हे भाग खिळ्यांऐवजी आरीने भोके पाडून चामड्याच्या वादीने शिवतात. खिळा नसल्याने मापाची सारी भिस्त तुकड्यांच्या जुळणीवर व शिवणीच्या ताणावर राहते. नवी चप्पल काहीशी घट्ट असते. पुढे घाम व तेल यांनी मऊ होऊन ती पायाच्या आकारास बसते. ताणले जाण्याचा गुण येथे पूर्णपणे नाहीसा न करता मर्यादेत ठेवला जातो.

कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर या जिल्ह्यांचा समावेश आहे.

हवामान व ऋतू

मानांकनाच्या क्षेत्राबाहेरही कातडीकामाचे हेच नियम लागू पडतात. बदलते ते हवामान. पश्चिम विदर्भातील वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते व हवा कोरडी असते. अशा हवेत कडा आधी वाळून मुरडतात. त्यामुळे काम ओल्या फडक्याखाली झाकून ठेवणे इष्ट ठरते. पावसाळ्यात उलट वाळवण लांबते, बुरशी धरते आणि ओलसर स्थितीत कापलेला तुकडा हिवाळ्यात आखूड भरतो.

वऱ्हाडासह महाराष्ट्रात विहिरीवर चामड्याची मोट वापरली जात असे. ती रोज भिजे व वाळे, म्हणून तिला तेल देणे व वेळोवेळी दुरुस्त करणे हे गावच्या कारागिराचे काम होते. पंपांच्या प्रसाराबरोबर मोट मागे पडली व हे कामही संपले.

आर्थिक महत्त्व

कारागिराच्या खर्चात कातड्याचा वाटा मोठा असतो. मापात चुकलेला तुकडा लहान कामासाठी वापरता येतो, पण त्यावरील श्रम वाया जातात. सावकाश भिजवणे व सावलीत वाळवणे यांस लागणारा वेळ विक्रीच्या किमतीत सहसा दिसत नाही. मागणीच्या घाईत वाळवण अपुरी राहिल्यास दोष लगेच न दिसता ग्राहकाच्या वापरात उघड होतो, आणि त्याचा ठपका कारागिराच्या हातावर येतो.