कंपनी गेली, गाडी राहिली : जुन्या मोटरसायकलींच्या सुट्या भागांचा शोध

चांगली सांभाळलेली मोटरसायकल पुष्कळदा आपल्या कारखान्याहून अधिक जगते. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी १९९६ साली बंद पडली, पण तिच्या येझदी गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. एस्कॉर्ट्सने यामाहाबरोबरच्या भागीदारीतून २००१ साली पूर्णपणे अंग काढून घेतले, तरी आरएक्स १०० घेणाऱ्यांची रीघ काही कमी झालेली नाही. अशा गाडीचा मालक अडतो तो बहुधा एखाद्या लहानशा वस्तूपाशी. गिअरचे एक चाक, एक ऑइल सील किंवा किकचा दांडा मिळाला नाही, की धडधाकट गाडी महिनोन् महिने गोठ्यात उभी राहते आणि शेवटी भंगाराच्या भावाने जाते. म्हणूनच कोणता भाग कोठे मिळतो आणि कोणता घेऊ नये, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

मालकी बदलते म्हणजे नेमके काय बदलते?

कंपनी विकली गेली, असे आपण सरसकट म्हणतो. परंतु नाव, कारखाना, भागांचे साचे व आराखडे आणि पुरवठादार या चार स्वतंत्र गोष्टी आहेत. यांपैकी कोणती गोष्ट कोणाकडे गेली, यावर सुट्या भागांचे भवितव्य अवलंबून असते. मोटरसायकलचे सर्वच भाग कंपनी स्वतः बनवीत नाही. रिंगा, बेअरिंग, कार्बोरेटर, विजेचे सामान, चेन अशा वस्तू बाहेरच्या उद्योगांकडून येतात. त्यामुळे कारखाना बंद पडला तरी मागणी असेपर्यंत या वस्तू खुल्या बाजारात येत राहतात. याउलट गिअरबॉक्सची चाके, क्रँककेस, टाकी यांसारखे केवळ त्याच गाडीसाठी घडविलेले भाग सर्वप्रथम दुर्मीळ होतात.

भारतात मालकीबदलाचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार कारखाना चालू राहण्याचा. १९५५ साली मद्रासमध्ये स्थापन झालेली एन्फिल्ड इंडिया १९९४ साली आयशर समूहात विलीन झाली. त्याआधीच इंग्लंडमधील मूळ कारखाना बंद पडला होता. मद्रासचे उत्पादन मात्र खंडित झाले नाही. त्यामुळे बुलेटचे भाग आजही तुलनेने सहज मिळतात. अडचण असते ती वेगळीच. बिडाच्या ब्लॉकचे जुने इंजिन, नंतरचे 'लीन बर्न' इंजिन आणि त्यानंतर आलेले एकसंध रचनेचे इंजिन या तीन वेगवेगळ्या पिढ्या आहेत. दुकानात नुसते 'बुलेट साडेतीनशे' सांगणाऱ्याच्या हाती चुकीचा भाग पडण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार भागीदार वेगळे होण्याचा. हीरो आणि होंडा यांनी डिसेंबर २०१० मध्ये विभक्त होण्याचे जाहीर केले आणि २०११ साली हीरो होंडाचे नाव हीरो मोटोकॉर्प झाले. कारखाने हीरोकडेच राहिल्याने स्प्लेंडरच्या मालकाला या फारकतीची झळ फारशी लागली नाही. एस्कॉर्ट्स-यामाहाची गोष्ट निराळी. १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ साली थांबले. त्याच सुमारास उभय कंपन्यांचा समसमान वाट्याचा संयुक्त प्रकल्प झाला. २००० साली यामाहाचा हिस्सा ७४ टक्क्यांवर गेला आणि पुढच्या वर्षी संपूर्ण मालकी तिच्याकडे आली. आरएक्स १३५ सारख्या त्याच घराण्यातील गाड्या त्यानंतरही काही वर्षे निघत राहिल्याने आरएक्स १०० च्या मालकांना आधार मिळाला. एस्कॉर्ट्सच्याच राजदूत ३५० चे तसे झाले नाही. तिचे भाग देशात दुर्मीळ आहेत. मात्र तिची मूळ जपानी आवृत्ती आरडी ३५० परदेशात मोठ्या प्रमाणावर विकली गेल्याने तेथून ते मागविता येतात.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण. त्यात कारखाना जातो आणि केवळ नाव उरते.

जावा-येझदी : नाव परतले, भाग नव्हे

रुस्तम आणि फारोख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरला कारखाना उभारला. १९६१ साली तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९७३ पासून त्या येझदी नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ साली टाळे लागले आणि कंपनी अवसायनात गेली. पुढे महिंद्र समूहाचा पाठिंबा असलेल्या क्लासिक लेजंड्सने नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आणली. येझदी नावाच्या मालकीचा वाद तर कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला.

अनेक मालकांची येथेच फसगत होते. नाव परत आले म्हणून भागही दालनात मिळतील, या आशेने ते चौकशी करतात. परंतु २०१८ ची जावा २९३ सीसीची, पाण्याने थंड होणारी, फोरस्ट्रोक गाडी आहे. जुनी जावा-येझदी ६५ मि.मी. व्यासाच्या आणि ७५ मि.मी. चालीच्या पिस्टनची, हवेने थंड होणारी टूस्ट्रोक गाडी. एकाच दांड्याने किक मारण्याची आणि गिअर टाकण्याची तिची सोय नव्या गाडीत नाही. दोहोंत साम्य आहे ते नावाचे आणि रूपाचे. इंजिनाचा एकही महत्त्वाचा भाग अदलाबदल करता येत नाही.

चेक प्रजासत्ताकात जुन्या जावांचे भाग नव्याने बनविले जातात. सुरुवातीच्या काळातील जावाला त्यांपैकी पुष्कळ चालतात. म्हैसूरने मात्र पुढे स्वतःचे बदल केले. जुन्या जावाची चाके १६ इंचांची, तर रोडकिंगची १८ इंचांची. त्यामुळे परदेशातून भाग मागविण्यापूर्वी छायाचित्रावर विसंबू नये; मोजमापे ताडून पाहावीत.

दुकानात जाण्यापूर्वी

शोधाची सुरुवात बाजारातून नव्हे, गाडीपासून करावी. चासी व इंजिन क्रमांक, उत्पादनाचे वर्ष आणि मॉडेल यांची नोंद करावी. तीस-चाळीस वर्षांत गाडीला दुसऱ्या मॉडेलचे इंजिन किंवा कार्बोरेटर बसविले गेले असण्याची शक्यता असते. म्हणून नोंदणी पुस्तकावरील नावापेक्षा प्रत्यक्ष भागावर विश्वास ठेवावा. काढलेला खराब भाग कधीही टाकून देऊ नये. नमुना म्हणून त्याच्याइतका उपयोगी पुरावा नाही.

जुनी भाग-पुस्तिका मिळाल्यास अर्धे काम झाले असे समजावे. भागाच्या क्रमांकातही माहिती दडलेली असते. यामाहाच्या क्रमांकातील पहिली तीन अक्षरे भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी घडविला ते सांगतात आणि पुढचे पाच आकडे भाग कोणता ते सांगतात. ११६३१ म्हणजे मूळ मापाचा पिस्टन. होंडाच्या पद्धतीत पहिले पाच आकडे भागाचे (पिस्टनसाठी १३१०१) आणि मधली तीन अक्षरे मॉडेलची. मॉडेलचे चिन्ह जुळले, तर तो भाग दुसऱ्या गाडीच्या नावाने विकला जात असला तरी आपल्याला चालतो. दुकानदार 'नाही' म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्या नावाची पुडी नसते, भाग असतो.

काही वस्तूंना तर गाडीच्या नावाची गरजच नाही. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. ६२०४ म्हणजे आतील व्यास २० मि.मी., बाहेरील ४७ आणि जाडी १४, मग ते बेअरिंग मोटरसायकलचे असो की पंपाचे. ऑइल सीलही आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी या तीन मापांवर मिळते. ४२८ क्रमांकाच्या चेनचा दात-अंतराचा मापदंड अर्धा इंच, तर ५२० व ५३० चा पाच अष्टमांश इंच असतो. अशा वस्तू औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात चांगल्या प्रतीच्या मिळतात.

कोठे शोधावे?

पुण्यात नाना पेठेतील दुचाकींच्या भागांची दुकाने आणि मंगळवार पेठेतील जुना बाजार ही नेहमीची ठिकाणे. देशपातळीवर दिल्लीचे करोल बाग, बंगळूरचा जे. सी. रोड आणि चेन्नईचे पुदुपेट प्रसिद्ध आहेत. मात्र खरा खजिना पुष्कळदा तालुक्याच्या गावी असतो. बंद पडलेल्या विक्रेत्याच्या किंवा जुन्या गॅरेजच्या माळ्यावर वर्षानुवर्षे न विकलेला कंपनीचा माल पडून असतो. जावा-येझदीच्या मालकांचे संघ अनेक शहरांत आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ते एकत्र येतात. कोणाकडे काय आहे, हे तेथे जितके कळते तितके बाजारात कळत नाही.

काय घ्यावे, काय घेऊ नये

न वापरलेला जुना माल म्हणजे निश्चितच चांगला, हा समज अर्धाच खरा आहे. गिअर, शाफ्ट, स्प्रॉकेट असे पोलादी भाग तेलात नीट ठेवलेले असतील तर डोळे झाकून घ्यावेत. रबराचे तसे नाही. सील, पाइप, टायर वापराविना पडूनही कडक होतात. टूस्ट्रोक इंजिनात क्रँकचे सील गळू लागले की बाहेरची हवा आत शिरते, इंधनाचे प्रमाण घटते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो. धावत्या गाडीचे मागचे चाक त्या क्षणी अडकू शकते. म्हणून सील नेहमी नवेच घ्यावे. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. ते पाहूनच टायर घ्यावा.

नकली मालाच्या बाबतीत एक साधा नियम पाळावा. मडगार्ड, हँडलच्या मुठी किंवा दिव्याची काच डुप्लिकेट असल्यास फार तर शोभा जाते. ब्रेक, चाकाचे आरे, आस आणि स्टिअरिंगचे बेअरिंग यांत मात्र काटकसर जिवावर बेतू शकते.

भाग न मिळाल्यास

आहे तो भाग वाचविणे हा उत्तम मार्ग ठरतो. झिजलेला सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविता येतो. ही मापे साधारणतः पाव मिलिमीटरने वाढतात. शेवटचे माप संपले तर ब्लॉकमध्ये नवा स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर येता येते. ब्रेक शूजवर नवे लायनर चढविता येतात, क्रँकला नवा कनेक्टिंग रॉड बसविता येतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी नमुना पाहून बुश किंवा शाफ्ट घडवून देणारे कसबी कारागीर आहेत. गिअरचे तुटलेले दात वेल्डिंगने भरण्याचा प्रयोग मात्र टाळावा. ते टिकत नाहीत आणि तुटलेला तुकडा सारा गिअरबॉक्स खराब करतो.

कायद्याची बाजू

जुन्या बाजारातून इंजिन किंवा चासी घेताना पावती व मूळ गाडीची कागदपत्रे मागावीत, अन्यथा चोरीचा माल गळ्यात पडू शकतो. नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. इंजिन बदलल्यास परिवहन कार्यालयात नोंद आवश्यक आहे. खासगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद केली. त्यामुळे मूळ भाग जपण्याला आता कायदेशीर मोलही आले आहे.

जुन्या गाडीचा सर्वांत दुर्मीळ भाग मात्र कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. तो म्हणजे ती गाडी हाताने ओळखणारा मेकॅनिक. या पिढीचे कारागीर आता थकत चालले आहेत. गाडी उघडली जाईल तेव्हा शेजारी उभे राहून मापे, क्रमांक आणि जुळणीचा क्रम वहीत उतरवून घ्यावा. पुढच्या वेळी भाग शोधताना हीच वही कामी येईल.