मर्कचे दोन निर्णय: फुकट वाटलेली गोळी आणि मागे घेतलेली गोळी

मर्क ही अमेरिकेतील सर्वांत मोठ्या औषध कंपन्यांपैकी एक. अमेरिका आणि कॅनडाबाहेर ती एमएसडी या नावाने ओळखली जाते. जर्मनीतील मर्क ही वेगळी कंपनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात दोघींची फारकत झाली. औषध उद्योगातील नैतिकतेची चर्चा निघाली की अमेरिकी मर्कचे नाव दोनदा येते. आदर्श उदाहरण म्हणून ते येते, तसेच धोक्याचा इशारा म्हणूनही. एकाच कंपनीने दोन इतके वेगळे निर्णय कसे घेतले, हे समजून घेऊ.

पहिला निर्णय: मेक्टिझान (१९८७)

आफ्रिकेत नद्यांच्या काठी एक काळी माशी आढळते. तिच्या चाव्यातून एका कृमीचा संसर्ग होतो. कृमीची असंख्य सूक्ष्म पिल्ले त्वचेत आणि डोळ्यांत पसरतात. असह्य खाज सुटते आणि काही वर्षांनी दृष्टी जाते. या रोगाला 'रिव्हर ब्लाइंडनेस' म्हणतात. त्याच्या भीतीने पश्चिम आफ्रिकेत नदीकाठची सुपीक जमीन सोडून गावेच्या गावे उठून गेली होती.

आयव्हरमेक्टिन हे औषध मुळात गुरे आणि घोड्यांच्या जंतांसाठी तयार झाले. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळे केलेल्या एका जीवाणूपासून ते मिळाले आणि मर्कमध्ये विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्यावर पुढील काम केले. या शोधासाठी दोघांना २०१५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८१ पासून हे औषध पशुवैद्यकीय बाजारात आले आणि कंपनीला त्यातून मोठा नफा झाला.

तेच औषध माणसांतील या रोगावरही चालते, हे मोहम्मद अझीझ यांच्या नेतृत्वाखाली सेनेगलमध्ये सुरू झालेल्या चाचण्यांतून दिसले. अडचण एकच होती. ज्यांना गोळी हवी होती, त्यांच्याकडे ती घ्यायला पैसे नव्हते. कंपनीने आंतरराष्ट्रीय संस्थांकडे आणि अमेरिकी सरकारकडे खर्चासाठी विचारणा केली, पण कोणी पुढे आले नाही. अखेर ऑक्टोबर १९८७ मध्ये कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांनी जाहीर केले की ज्याला गरज आहे त्याला, गरज असेल तितके दिवस, हे औषध मोफत मिळेल.

'गरज असेल तितके दिवस' हे शब्द महत्त्वाचे होते. गोळीने पिल्ले मरतात, प्रौढ कृमी मरत नाही. तो शरीरात दहा-पंधरा वर्षे जगू शकतो. म्हणजे एका गावाला दरवर्षी, अनेक वर्षे गोळ्या द्याव्या लागतात. डॉक्टर नसलेल्या गावांत हे काम गावकऱ्यांनीच उचलले. वजनकाट्याऐवजी खुणा केलेल्या काठीने उंची मोजायची आणि त्यानुसार किती गोळ्या द्यायच्या ते ठरवायचे, इतकी ही पद्धत साधी होती. कोलंबिया २०१३ मध्ये या रोगातून मुक्त झालेला पहिला देश ठरला. आफ्रिकेत हा मान २०२५ मध्ये नायजरला मिळाला. पुढे हत्तीरोगासाठीही आयव्हरमेक्टिनचा उपयोग होऊ लागला. नागपूर, गडचिरोलीसारख्या विदर्भातील जिल्ह्यांत हत्तीरोगविरोधी मोहिमेत घरोघरी दिल्या गेलेल्या तीन औषधांपैकी ते एक होते.

दुसरा निर्णय: व्हायॉक्स (१९९९ ते २००४)

सांधेदुखीवरील जुन्या वेदनाशामक गोळ्यांनी अनेकांना पोटात व्रण होतात. हा त्रास कमी करणारे औषध म्हणून मर्कने मे १९९९ मध्ये अमेरिकेत व्हायॉक्स बाजारात आणले. काही महिने आधीच सेलेब्रेक्स हे प्रतिस्पर्धी औषध आले होते. शिवाय कोलेस्टेरॉलवरील झोकॉर या मर्कच्या सर्वांत फायदेशीर औषधाचे पेटंट २००६ मध्ये संपणार होते. नव्या औषधाने ती पोकळी भरून काढावी, असा दबाव होता. फक्त २००० साली व्हायॉक्सच्या सामान्य ग्राहकांसाठीच्या जाहिरातींवर सुमारे १६ कोटी डॉलर खर्च झाले.

त्याच वर्षी सुमारे ८ हजार रुग्णांवरील व्हिगर या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोटाचा त्रास खरोखरच कमी होता. पण नॅप्रॉक्सेन हे जुने औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत व्हायॉक्स घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके सुमारे चौपट होते. याचे दोन अर्थ निघत होते. एक, व्हायॉक्स हृदयाला घातक आहे. दोन, नॅप्रॉक्सेन हृदयाचे रक्षण करते. चाचणीत औषध न घेणारा गट नव्हता, त्यामुळे निकाल लागू शकत नव्हता. मर्कने दुसरा अर्थ उचलून धरला आणि विक्री चालू ठेवली. हृदयाचा धोका सौम्य करून सांगितल्याबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने सप्टेंबर २००१ मध्ये कंपनीला ताकीद दिली. वेष्टनावरील माहिती बदलायला मात्र एप्रिल २००२ उजाडले.

उत्तर मिळाले ते वेगळ्याच चाचणीतून. व्हायॉक्समुळे आतड्यातील गाठी टळतात का, हे पाहण्यासाठी सुरू असलेल्या अभ्यासात औषध नसलेली गोळी घेणारा गट होता. दीड वर्षानंतर व्हायॉक्स घेणाऱ्यांत झटके आणि पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट दिसला. ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्कने औषध जगभरातून मागे घेतले. आदल्या वर्षी त्याची विक्री सुमारे अडीच अब्ज डॉलर होती. औषध बाजारात असताना एकट्या अमेरिकेत ८८ हजार ते १ लाख ४० हजार जणांना या औषधामुळे गंभीर हृदयविकार झाला असावा, असा अंदाज २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाअखेर, व्हिगरच्या शोधनिबंधात तीन झटक्यांची नोंद आली नसल्याचे तो छापणाऱ्या नियतकालिकाने जाहीर केले.

२००७ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता खटले मिटवण्यासाठी ४.८५ अब्ज डॉलर देऊ केले. मंजुरी नसलेल्या आजारासाठी प्रचार केल्याच्या प्रकरणात २०११ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. या औषधाचा मूळ घटक रोफेकॉक्सिब भारतातही विकला जात होता. डिसेंबर २००४ मध्ये त्यावर बंदी आली.

फरक कशात होता?

कंपनी आधी चांगली होती आणि मग बिघडली, असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. मेक्टिझानच्या वेळी माहिती स्पष्ट होती: औषध चालते, रुग्ण गरीब आहेत. दान केल्याने हातची मोठी विक्री जाणार नव्हती, कारण तो बाजारच नव्हता. प्राण्यांच्या औषधाचा नफा हाताशी होता. करसवलत आणि लौकिक हेही लाभ होते. म्हणून निर्णयाचे मोल कमी होत नाही. अनेक दशकांची बांधिलकी कोणी सक्तीने घ्यायला लावली नव्हती.

व्हायॉक्सच्या वेळी माहिती संदिग्ध होती आणि प्रत्येक महिन्याच्या विलंबाला पैशात किंमत होती. अशा वेळी दोन शक्यतांपैकी सोयीची शक्यता खरी वाटू लागते. त्यासाठी कोणी जाणूनबुजून खोटे बोलावेच लागते असे नाही. शंका आल्यावर केवळ हृदयाची सुरक्षितता तपासणारी मोठी चाचणी लगेच करणे हा मार्ग खुला होता. तो वेळेत घेतला गेला नाही.

यातून नियमही बदलले. २००७ च्या कायद्याने अमेरिकेत बहुतेक चाचण्यांची नोंदणी करणे आणि निष्कर्ष जाहीर करणे बंधनकारक झाले. औषध बाजारात आल्यानंतरही सुरक्षा-चाचणी करायला लावण्याचा अधिकार औषध प्रशासनाला मिळाला. शंकेचे निरसन कधी करायचे, हे विक्री करणाऱ्यावरच सोडता येत नाही, हा त्यामागचा विचार आहे.