शर्यत बघायला कुठे उभं राहायचं?

सायकलची शर्यत हा प्रेक्षकांसाठी मुळातच गैरसोयीचा खेळ आहे. क्रिकेटला आपण एका जागी बसतो आणि खेळ दिवसभर समोर चालू राहतो. इथे आपण एका जागी उभे, आणि खेळच समोरून सूं करून निघून जातो. चार तास ताटकळायचं आणि बघायला मिळणार वीस सेकंद. रंगीबेरंगी जर्सींचा झपाटा, चेनची खरखर, वाऱ्याचा एक झोत, खलास. शेजारचा विचारतो, "पिवळ्या जर्सीवाला दिसला का?" आपण "हो हो" म्हणतो, आणि आपल्याला तो दिसलेला नसतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात प्रोजेक्टच्या कृपेने मी दोन महिने पॅरिसला होतो. २७ जुलैला टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा शहरात येणार होता. त्यातून रविवार. म्हणजे चुकवणं शक्यच नव्हतं. कुठे उभं राहू म्हणून ऑफिसात विचारलं, तर पाच जणांनी सहा उत्तरं दिली. मग आपली जमात अशा वेळी जे करते तेच मी केलं: दोन वीकांत वाचत बसलो. आणि लक्षात आलं की हा प्रश्न टूरइतकाच जुना आहे. टूर आज पॅरिसमध्ये जशी दिसते, तिला तो आकार या प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांनीच दिलाय.

सुरुवात करू १९०३ पासून. 'लोतो' नावाच्या क्रीडा दैनिकाचा खप वाढत नव्हता. संपादक आँरी देग्राँज. त्याच्या हाताखालच्या एका तरुण पत्रकाराने सुचवलं की अख्ख्या फ्रान्सला फेरी मारणारी शर्यत काढू. थोडक्यात, हा सगळा डोलारा पेपर खपवण्यासाठी! पण गंमत अशी की ही शर्यत बघता येण्यासारखी नव्हतीच. पहिला टप्पा पॅरिस ते ल्यों, ४६७ किलोमीटर. स्वार रात्रभर सायकल मारायचे. काळोखात रस्त्याकडेला उभं राहून कुणाला काय दिसणार? पण पेपरच्या दृष्टीने हे सोयीचंच होतं. बघता येत नाही म्हणूनच लोक दुसऱ्या दिवशी वाचणार.

पण काळोख दोन्ही बाजूंनी काम करतो. १९०४ साली सेंतेत्येन जवळच्या घाटात स्थानिक स्वाराच्या समर्थकांनी बाकीच्यांना रात्रीच्या अंधारात मारहाण केली. रस्त्यावर खिळे टाकले गेले. स्वारांनीही अंधाराचा फायदा घेऊन लबाड्या केल्या. शेवटी पहिले चारही जण बाद झाले, आणि जेमतेम विशीला आलेला आँरी कोर्ने विजेता ठरला. पुढच्या वर्षी देग्राँजने टप्पे छोटे केले आणि रात्रीची सायकल बंद केली. म्हणजे ही शर्यत 'बघण्याची गोष्ट' झाली ती प्रेक्षकांच्या हौसेपायी नाही, तर लक्ष ठेवता यावं म्हणून.

आता पॅरिसचं बघू. पहिल्या टूरची सुरुवात शहराबाहेर मोंजरॉंला झाली. शेवटची वेळही शहराबाहेर व्हिल-दाव्रेला नोंदवली गेली, आणि मग स्वार पार्क दे प्रँसच्या वेलोड्रोमवर आले. वेलोड्रोम म्हणजे वाटीसारखा उतरता, फक्त सायकलींसाठी बांधलेला ट्रॅक. या वेलोड्रोमचा संचालक कोण? अहो, हाच देग्राँज! रस्त्यावर तिकीट लावता येत नाही, वेलोड्रोमला लावता येतं. १९६७ पर्यंत टूर इथेच संपायची. शेवटचा क्षण बघायचा तर तिकीट काढा, नाहीतर घरी बसून पेपर वाचा. दोन्हीकडून पैसा तिथेच. बिझनेस मॉडेल म्हणून मानलं पाहिजे. :-)

देग्राँजचाच हात असलेलं आणखी एक वेलोड्रोम होतं. आयफेल टॉवरपासून चालत जाण्याच्या अंतरावर, रू नेलातों नावाच्या रस्त्यावर, १९१० मध्ये उघडलेलं वेलोद्रोम दिव्हेर, म्हणजे हिवाळी वेलोड्रोम. लोकांच्या तोंडी 'वेल दिव्ह'. वर काचेचं छत, खाली लाकडी ट्रॅक. १९१३ पासून तिथे सहा दिवसांची शर्यत व्हायची. जोडीतला एक स्वार दमला की दुसरा, असं सहा दिवस आणि सहा रात्री. कुठे उभं राहायचं हा प्रश्न इथे खिशावर ठरायचा. ट्रॅकच्या मधोमध टेबलं मांडलेली, तिथे पैसेवाले शॅम्पेन पीत बसणार. अगदी वरच्या गॅलरीत कामगार, घरून आणलेला पाव आणि सॉसेज खाणार. हेमिंग्वेला इथल्या शर्यतींचं वेड होतं. प्रेक्षकाला हवं ते सगळं इथे होतं: खेळ समोरून जातच नाही, गोल गोल फिरत राहतो, आणि डोक्यावर छप्पर. शोधूनही याहून चांगली जागा सापडली नसती.

आणि याच जागेचं १९४२ साली काय झालं ते वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

१६ आणि १७ जुलै १९४२. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं, पण घरोघरी जाऊन दारं ठोठावणारे पोलीस फ्रेंच होते. त्या दोन दिवसांत पॅरिस आणि उपनगरांतून १३,००० हून अधिक ज्यूंना पकडलं, त्यात ४,००० वर मुलं होती. मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना, म्हणजे सुमारे ८,००० माणसांना, वेल दिव्हमध्ये कोंडलं. विमानहल्ल्यांच्या भीतीने काचेच्या छताला गडद रंग फासलेला, खिडक्या बंद, जुलैचा उकाडा, संडास अपुरे, पाण्याची मारामार. जिथे लोक हौसेने सहा दिवस शर्यत बघायचे, तिथे ही माणसं पाच दिवस अडकून पडली. तिथून त्यांना छावण्यांत आणि मग आउश्वित्झला पाठवलं. परत आलेले मूठभर.

वेलोड्रोमच का? उत्तर भयंकर साधं आहे. हजारो माणसं मावतील, मोजकी दारं आणि ती बाहेरून बंद करता येतील, अशी इमारत. तिकिटाशिवाय कुणी आत येऊ नये म्हणून केलेली रचना, कुणी बाहेर जाऊ नये म्हणूनही तितकीच चालते. युद्धानंतर तिथे पुन्हा शर्यती झाल्या, बरं का. आग लागली आणि १९५९ मध्ये इमारत पाडली. या धरपकडीत फ्रेंच सरकारचीही जबाबदारी होती, हे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी उघडपणे कबूल करायला १९९५ साल उजाडलं.

पार्क दे प्रँसचा ट्रॅकही पुढे गेला. रिंगरोड आणि फुटबॉलचं स्टेडियम यांसाठी १९६७ मध्ये तो पाडला. १९६८ ते १९७४ टूर वाँसेनच्या जंगलालगतच्या वेलोड्रोमवर संपली. एडी मर्क्सचे पाचही विजय तिथलेच. आणि मग १९७५ मध्ये ती आली थेट शाँझ-एलिझेवर, भर रस्त्यात. या कल्पनेमागे टीव्हीवरचा वृत्तनिवेदक इव्ह मूरूझी होता. पहिल्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी बेर्नार तेवनेला पिवळी जर्सी दिली. देशाचा माणूस, देशाचा मुख्य रस्ता, आणि कडेला गर्दी फुकट!

फुकट रस्त्याचा धोकाही त्याच वर्षी दिसला होता. पुई द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने मर्क्सच्या पोटात ठोसा मारला. मर्क्स त्या वर्षी दुसरा आला. रस्त्यावर प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात हातभराचं अंतर असतं, आणि ते पाळायचं की नाही हे सर्वस्वी प्रेक्षकावर. तरीही गेली पन्नास वर्षं टूरने रस्ता सोडलेला नाही. (२०२४ चा अपवाद. ऑलिंपिकमुळे त्या वर्षी शेवट नीसला झाला.)

आता थोडं गणित. शाँझ-एलिझेवर स्वार एकदा येऊन जात नाहीत, फेऱ्या मारतात. म्हणजे वेलोड्रोमची युक्ती, शहराएवढी मोठी केलेली. नेहमीची फेरी साधारण सात किलोमीटरची, आणि अशा आठेक फेऱ्या. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १४ मीटर. घोळका ३०० मीटर लांब धरला तर एका वेळी वीस-बावीस सेकंद. आठ फेऱ्यांचे झाले तीन मिनिटांच्या आत-बाहेर. त्याच रस्त्यावरून जाताना आणि येताना दोन्ही वेळा दिसले तर दुप्पट. २०१३ मध्ये, शंभराव्या टूरला, फेरी आर्क द त्रियोंफला पूर्ण वळसा घालून नेली, त्यामुळे वरच्या टोकाला उभं राहणाऱ्यांचीही सोय झाली.

पण नुसती सेकंदं मोजून भागत नाही. १९८९ मध्ये शेवटचा टप्पा व्हर्सायपासून शाँझ-एलिझेपर्यंत २४.५ किलोमीटरचा, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध. पॅरिसचाच लॉराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकन ग्रेग लेमाँड २६ मिनिटं ५७ सेकंदांत पोचला. फिन्याँला लागली २७:५५. तीन हजारांवर किलोमीटर सायकल मारून तो ८ सेकंदांनी हरला. आता विचार करा, त्या दिवशी मधे कुठेतरी उभ्या असलेल्या माणसाला काय दिसलं? एक जण गेला. थोड्या वेळाने दुसरा गेला. इतिहास घडला तो दोघांच्या मधल्या रिकाम्या रस्त्यात, आणि रिकामा रस्ता वाचायला हातात घड्याळ लागतं.

मी शेवटी निवडला मोंमार्त्रचा चढ. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये रस्ता-शर्यत या टेकडीवरून नेली होती, ती इतकी रंगली की २०२५ ला टूरनेही मोंमार्त्र घेतलं, तीन वेळा. चढ १.१ किलोमीटरचा, सरासरी ५.९ टक्के, रू लपिक नावाच्या गल्लीतून. याच गल्लीत व्हॅन गॉग भावाकडे राहायचा, इथेच 'अमेली' सिनेमातला कॅफे आहे. आणि १८९८ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी लुई रेनोने आपली पहिली छोटी मोटार हाच चढ चढवून पैज जिंकली होती. चढावर वेग निम्मा होतो, म्हणजे सेकंदं दुप्पट! मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला लोक बोरघाटात का जातात? पालखी बघायला दिवेघाटात का? चढावर माणूस दिसतो, सपाटीवर नुसता वेग.

सकाळीच डबा घेऊन गेलो. नंतर पाऊस. ओल्या दगडी रस्त्यामुळे एकूण क्रमवारीच्या वेळा शेवटच्या ५० किलोमीटरआधीच गोठवल्या, म्हणजे पोगाचारची टूर तिथेच नक्की झाली. तरी तो पठ्ठ्या पुढे राहून लढतच होता. तिसऱ्या चढाला वाऊट व्हान आर्टने त्याला मागे टाकलं आणि शेवटपर्यंत एकट्याने जाऊन टप्पा जिंकला. मला व्हान आर्टचा चिखलाने माखलेला चेहरा स्पष्ट दिसला. मागचा पोगाचारही दिसला. या वेळी "हो हो" खरं होतं.

बाजूला एक आजोबा होते, एक आई कडेवर पोर घेऊन, चारदोन माझ्यासारखे परदेशी. पाऊस वाढला तसे काही लोक निघून गेले. कुणी अडवलं नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे की एरवी माझ्या लक्षातही आली नसती.

तर, तुम्ही कधी जुलैमध्ये पॅरिसला असाल, तर माझा सल्ला असा: चढ निवडा, सकाळी लवकर जा, रेनकोट न्या, घड्याळ लावा. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी सहा नंबरच्या मेट्रोने बीर-हाकेम स्टेशनला उतरा. नदीकाठी दोन मिनिटांवर एक शिल्प आहे. एक गरोदर बाई, मुलं, म्हातारी माणसं, बोचकी घेऊन बसलेली. ती ज्या चौथऱ्यावर बसलीत तो सपाट नाही. कडेला वर वळत जातो, सायकलच्या ट्रॅकसारखा.