'सध्यां काय पाहतां?' : एका प्रश्नाचा इतिहास

कोणत्याहि काळांतील समाजाची मनःस्थिति त्या काळच्या ग्रंथांवरून जितकी कळते, तितकीच ती लोक एकमेकांस भेटतांक्षणीं जे प्रश्न विचारतात त्यांवरूनहि कळते. 'पाऊसपाणी कसें आहे?' हा शेतीवर जगणाऱ्या समाजाचा प्रश्न. 'चिरंजीव कितवींत आहेत?' हा नोकरीवर जगणाऱ्या मध्यमवर्गाचा. अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून एक नवा प्रश्न रूढ झाला आहे : 'सध्यां काय पाहतां?' पाहुणे आले, चहा झाला, प्रकृतीची विचारपूस संपली, कीं हा प्रश्न निघतो. मग कोणी एखाद्या कोरियन मालिकेचें नांव सांगतो, कोणी इंग्रजी हेरकथेचें, कोणी हिंदींतील गुन्हेगारांच्या चरित्राचें. आणि ऐकणारा तें नांव मोबाईलमध्यें टिपून ठेवतो. परंतु १९८८ सालीं हाच प्रश्न कोणीं विचारला असता, तर विचारणारा नुकताच परदेशांतून आला असावा अशीच समजूत झाली असती. कारण त्या वेळीं सर्वांचें उत्तर एक होतें. तेव्हांचे लोक 'काय पाहतां?' असें विचारीत नसत. 'आतां पुढें काय होईल?' असें विचारीत. पहिला प्रश्न दुसऱ्याची जागा कशी घेऊं शकला, आणि या बदलांत आपण काय मिळविलें व काय गमावलें, याचा थोडक्यांत विचार करावा असें आम्ही योजिलें आहे.

भागाभागांनीं कथा ऐकण्याची हौस दूरचित्रवाणीनें निर्माण केली, असें मात्र कोणीं समजूं नये. श्रीधराचे 'पांडवप्रताप', 'रामविजय' व 'हरिविजय' हे ग्रंथ अनुक्रमें ६४, ४० व ३६ अध्यायांचे आहेत. आणि चातुर्मासांत एकेक अध्याय वाचून ते पुरे करण्याची रीति महाराष्ट्रांतील घराघरांतून पिढ्यानुपिढ्या चालत आली. छापखाना आल्यावर याच हौशीनें नवें रूप घेतलें. इंग्लंडांत डिकन्सनें १८३६ सालीं पिकविकची कथा मासिक भागांनीं प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांची 'मधली स्थिति' १८८५ सालीं 'पुणेवैभवां'त क्रमशः येऊं लागली. आणि १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' काढल्यावर 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्या साप्ताहिकांतून वाचकांपुढें आली. यमूची करुण कहाणी वाचकांच्या मनांत इतकी खोल रुजली, त्याचें एक कारण हेंहि असावें कीं, ती त्यांनीं एका रात्रींत संपविली नाहीं. आठवड्यामागून आठवडा ते तिच्यासह जगले. क्रमशः कथेचें खरें मर्म तिच्या भागांइतकेंच दोन भागांमधील काळांत असतें. त्या मधल्या काळांत लेखक गप्प असतो आणि वाचक बोलतात.

मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. दिल्लीस प्रायोगिक प्रक्षेपण १९५९ सालींच सुरू झालें होतें. तथापि मराठी माणसाच्या घरांत हा नवा पाहुणा आला तो मुंबई केंद्रामुळेंच. त्या वेळीं चाळींतील एखाद्याच बिऱ्हाडीं संच असे, आणि संध्याकाळीं त्या बिऱ्हाडाच्या दारांत चपलांचा ढीग पडे. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव व गुंड्याभाऊ या जोडीवर मुंबई दूरदर्शननें सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धांत मालिका केली, तेव्हां दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ हे अनेक घरांचे आप्तच होऊन बसले. ज्यांचीं पुस्तकें वडिलांनीं वाचलीं होतीं, तींच पात्रें मुलें आतां डोळ्यांनीं पाहत होतीं. हा दोन पिढ्यांमधील दुवा होता.

सर्व देश एका कथेभोंवतीं जमण्यास मात्र आणखी कांहीं गोष्टी जुळून याव्या लागल्या. १९८२ सालीं उपग्रहाच्या साह्यानें राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षीं आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें रंगीत प्रक्षेपण आलें, आणि १९८४ मध्यें लहान प्रक्षेपकांचें जाळें मोठ्या वेगानें देशभर पसरलें. याच सुमारास 'हम लोग' या मालिकेचा जन्म झाला. तिचें मूळ मेक्सिकोंत आहे. तेथें मिगेल साबिदो या निर्मात्यानें साक्षरता व कुटुंबनियोजन यांचा प्रचार कौटुंबिक मालिकांतून यशस्वी करून दाखविला होता. वर्ध्याचे लोकसभा सदस्य वसंत साठे हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असतां मेक्सिकोस गेले, आणि ही कल्पना त्यांनीं तेथून आणली. मनोहर श्याम जोशी यांनीं लिहिलेल्या या मालिकेचा पहिला भाग ७ जुलै १९८४ रोजीं प्रक्षेपित झाला, आणि १९८५ च्या डिसेंबरपर्यंत तिचे दीडशेंहून अधिक भाग झाले.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें 'हम लोग'चा आरंभ फार बोधप्रद आहे. पहिल्या १३ भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता कीं, प्रेक्षक कंटाळले. त्यांनीं तसें कळविलें, आणि मालिकेचा रोख बदलण्यांत आला : उपदेश मागें सरला व घरांतील माणसें पुढें आलीं. प्रत्येक भागाच्या शेवटीं अशोककुमार येत आणि त्या दिवशींच्या प्रसंगावर चार शब्द बोलून प्रेक्षकांस विचार करावयास सांगत. कीर्तनकार जसा आख्यानाच्या अखेरीस श्रोत्यांकडे वळतो, तसाच हा प्रकार होता. लोकांनीं या आवाहनास लाखो पत्रांनीं उत्तर दिलें. बडकीनें लग्नाचा निर्णय आणखी लांबवूं नये, असा वडीलकीचा सल्ला तिला कित्येकांनीं लिहून धाडला. कथा अजून घडत आहे, आणि आपल्या शब्दानें ती वळूं शकेल, या विश्वासांतूनच हीं पत्रें निर्माण झालीं. सबंध कथा आधींच तयार होऊन हातीं पडली असती, तर तीं कोणीं लिहिलीं असतीं?

'रामायण' व 'महाभारत' यांनीं या सामुदायिक प्रतीक्षेचा कळस गांठला. रामानंद सागर यांचें 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारीं सकाळीं चालले. रस्ते ओस पडत. कित्येक घरीं संचास हार घालून व हात जोडून लोक बसत. १९८८ च्या उन्हाळ्यांत जालंधरच्या सफाई कामगारांनीं संप पुकारला, तो वेतनासाठीं नव्हता. मालिका उत्तरकांडापूर्वींच संपत होती, आणि पुढील भाग दाखविण्यांत यावेत अशी त्यांची मागणी होती. वाल्मीकींस ते आपले आदिपुरुष मानीत. तेव्हां वाल्मीकींच्या आश्रमाची कथा गाळली जाणें हा त्यांस आपलाच अवमान वाटला. पुढें उत्तरकांडावर मालिका झालीहि. त्यामागोमाग २ ऑक्टोबर १९८८ रोजीं बी. आर. चोप्रा यांचें 'महाभारत' सुरू झालें व ९४ भागांनंतर जून १९९० मध्यें संपलें. त्याची संहिता राही मासूम रझा यांनीं लिहिली होती, ही गोष्ट स्मरणांत ठेवण्यासारखी आहे. या दोन्ही कथांचा शेवट लहान मुलासहि ठाऊक होता. कर्ण मरणार हें माहीत असूनहि लोक आठवडाभर कर्णाविषयीं बोलत. याचा अर्थ असा कीं, त्यांची उत्सुकता 'काय' घडेल याविषयीं नव्हती. तें 'कसें' घडेल आणि घडावें कीं नाहीं, याविषयीं होती. द्रौपदीच्या वस्त्रहरणानंतर भीष्माच्या मौनाबद्दल जे वाद घरोघर झाले, ते नीतिशास्त्राच्या वर्गांतहि क्वचितच होत असतील.

तथापि त्या काळाच्या नुसत्या गोडव्यांत रमणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं. सर्वांचें उत्तर एक होतें, कारण दुसरें उत्तर देण्याची सोयच नव्हती. वाहिनी एक, ती सरकारची, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाची भाषा बहुतांशीं हिंदी. काय दाखवावें हें दिल्लींतील अधिकारी ठरवीत. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनीं केलेली 'तमस' ही फाळणीची मालिका १९८८ सालीं सुरू झाली, तेव्हां ती बंद पाडण्याचा प्रयत्न झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति लेंटिन व सुजाता मनोहर यांनीं मालिका स्वतः पाहून तिच्या बाजूनें निकाल दिला व सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला, म्हणून ती लोकांस पूर्ण पाहतां आली. शिवाय एकाच कथेवर सर्वांची दृष्टि खिळते तेव्हां त्या दृष्टीचा उपयोग करून घेणारेहि पुढें येतात. 'रामायणां'तील सीता व रावण यांच्या भूमिका करणारे दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी हे दोघेहि १९९१ सालीं एकाच पक्षातर्फे लोकसभेवर निवडून आले. रणांगणावरील वैर मतपेटीपाशीं मिटलें! या विनोदाच्या पोटांत एक गंभीर इशारा आहे. ज्या माध्यमापुढें लोक हात जोडून बसतात, त्यास प्रश्न विचारण्याची संवय त्यांस राहत नाहीं.

ही एकवाक्यता फार काळ टिकली नाहीं. १९९१ सालीं उपग्रह वाहिन्या आल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी टीव्ही सुरू झाली. १९९९ सालीं मराठीस 'अल्फा' ही स्वतंत्र वाहिनी मिळाली व 'आभाळमाया'सारख्या मालिका घरोघर पोंचल्या. साप्ताहिक भागाची जागा हळूहळू दैनिक भागानें घेतली. मधला काळ सात दिवसांवरून एका दिवसावर आला. पण तो उरला होता. तो मुळींच नाहींसा झाला तो पुढच्या टप्प्यांत. १ फेब्रुवारी २०१३ रोजीं 'नेटफ्लिक्स' या अमेरिकन कंपनीनें 'हाऊस ऑफ कार्ड्स' या मालिकेचे १३ भाग एकाच दिवशीं प्रेक्षकांच्या हवालीं केले. २०१६ च्या जानेवारींत ही सेवा भारतांत आली, आणि २०१८ सालीं 'सेक्रेड गेम्स' ही हिंदी मालिका त्याच पद्धतीनें एकदम पुढें ठेवण्यांत आली. आतां एक भाग संपला कीं कांहीं सेकंदांत दुसरा आपोआप सुरू होतो. प्रेक्षकानें थांबावें यासाठीं त्यास बटण दाबावें लागतें; पूर्वीं न थांबणें अशक्य होतें, आतां थांबणें हाच पराक्रम झाला आहे.

याचा संभाषणावर झालेला परिणाम पाहण्यासारखा आहे. एक जण तिसऱ्या भागावर असतो, दुसऱ्यानें रात्र जागून दहावा संपविलेला असतो, तिसऱ्यानें पहिलाहि पाहिलेला नसतो. म्हणून चर्चेस तोंड फुटतांच कोणीतरी कळवळून म्हणतो, 'पुढचें सांगूं नका हं!' कथेविषयीं बोलूं नये हाच आतां शिष्टाचार झाला आहे. आणि बोलावयाचें नाहीं तर उरतें काय? फक्त नांव. म्हणून आपण एकमेकांस नांवें देतों. 'सध्यां काय पाहतां?' हा प्रश्न असा जन्मास आला. घरांतल्या घरांतहि हेंच झालें आहे. आजी दिवाणखान्यांत सायंकाळची मराठी मालिका पाहते. सून, मुलगा व नातवंडें आपापल्या मोबाईलवर आपापल्या देशांत असतात. आजीच्या मालिकेस हंसण्याची सुशिक्षितांत रीति आहे, आणि त्या मालिकांची कलादृष्टि यथातथाच असते हेंहि खरें. परंतु 'आज काय झालें?' असें शेजारणीस विचारण्याचा आणि तिनें तें सविस्तर सांगण्याचा जुना व्यवहार अजून जिवंत आहे तो तेथेंच.

नव्या व्यवस्थेचा लाभ थोडा नाहीं. दूरच्या भाषांतील उत्तम कलाकृति आज पुण्याच्या किंवा लातूरच्या मुलीस घरबसल्या पाहतां येतात. कोणा अधिकाऱ्याची निवड तिजवर लादली जात नाहीं. हें स्वातंत्र्य परत करून एकाच वाहिनीकडे जावें, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शननें 'रामायण' पुन्हा दाखविलें आणि घरांत कोंडलेलीं माणसें पुन्हा ठराविक वेळीं एका जागीं जमलीं. त्यांत जुन्या आठवणींचा भाग होताच. पण ठरलेल्या वेळेची आणि सोबतीची भूकहि होती. कंपन्यांनींहि हें ओळखलेलें दिसतें. २०१९ सालीं सुरू झालेली 'दि मँडलोरियन' ही मालिका मुद्दाम आठवड्यास एक भाग याच जुन्या रीतीनें देण्यांत आली.

तेव्हां जें यंत्रानें काढून घेतलें तें आपण आपल्या निश्चयानें परत आणूं शकतों, असें आम्हांस वाटतें. चार घरांनीं, किंवा एकाच घरांतील चार माणसांनीं, एक चांगली मालिका निवडावी. आठवड्यास एकच भाग पाहावा. आणि मधल्या दिवसांत तिजविषयीं मनमोकळें बोलावें, भांडावें, अंदाज करावे. श्रीधराचा अध्याय एका बैठकीस एकच वाचीत, तो दुसरा वाचतां येत नव्हता म्हणून नव्हे. ऐकलेलें मनांत मुरावें, आणि घरच्यांनीं तें एकमेकांशीं बोलावें, एवढी सवड त्यांत ठेवलेली होती. पुढच्या वेळीं पाहुण्यांनीं 'सध्यां काय पाहतां?' असें विचारलें, तर नांव सांगून थांबूं नये. 'आपण दोघेहि तें बरोबरच पाहूं या, आणि पुढच्या रविवारीं बोलूं,' असेंहि म्हणून पाहावें.