थंडीची वेल, उन्हाचा मुलूख

मी नागपूरकर, म्हणजे संत्र्याचा माणूस. द्राक्षाच्या वाइनशी माझे नाते काय, असे कोणी विचारील. नाते ऋतूंचे आहे.

'शार्दोने' हे पांढरे द्राक्ष मूळ फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातले. तिथे वेल हिवाळाभर निजते. आपल्याकडे तिला झोप कुठली? म्हणून आपला बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलात काडीसाठी, पावसाळा सरताना फळासाठी. मग फळ थंडीच्या रात्रींत भरते आणि त्याचा आंबटपणा टिकतो. त्यावाचून ही वाइन बेचव!

१९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावी फेसाळ वाइन केली. २००० साली नाशिकला राजीव सामंतांच्या 'सुला'ची पहिली वाइन आली. २००७ साली स्थापन झालेल्या 'फ्रातेल्ली'ने अकलूज परिसरात शार्दोने पिकवले. थंड मुलूख नकाशात मिळेना, तो पंचांगात मिळाला.

आमचा संत्रेवाला तरी दुसरे काय करतो? पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि आंबिया की मृग, तो बहार निवडतो. संत्रेही भोसल्यांच्या काळी बाहेरून आले, असे सांगतात. आज त्याला परके कोण म्हणेल?